खिचडीच्या पुढची साक्ष

"हे पातळ बदलून या," पाळकाची बायको म्हणाली. "इतकं चांगलं नेसून उभ्या राह्यल्या तर पाव्हण्यांना काय दिसंल?"

चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर. भावानं घेतलेलं माझं एकुलतं एक धड पातळ. मी मुकाट्यानं वडीगोद्रीच्या मांगवाड्यात घरी गेले, ठिगळाचं नेसून परत आले. गेले, याचाच आज संताप येतो.

बाहेरून मोठे पाहुणे आले होते. जालन्याच्या मुलींच्या वसतिगृहाला मदत त्यांचीच. माझी लेक तिथं राहून अकरावी शिकत होती. देवानं माझ्यासाठी काय केलं, याची साक्ष मी पाहुण्यांसमोर द्यायची होती. माझा धाकटा तापानं फणफणला, तेव्हा पाळकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. पोरगं उठून बसलं. खिचडी मागून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मेलं.

"खिचडी खाल्ली, तिथंच थांबायचं," पाळकानं बजावलं होतं. "पुढचं सांगायची गरज न्हाई."

मी उभी राहिले. ताप सांगितला. हात सांगितला. खिचडी सांगितली. लोक टाळ्या वाजवायला लागले. माझ्या पोराच्या मरणावर टाळ्या. माझं डोकं फिरलं.

"अन् मंग मेला," मी म्हणाले. "ह्याच हातानं माती दिली त्याला."

टाळ्या थांबल्या. पाळकानं माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि गाणं सुरू करायला लावलं. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "तुमचा विश्वास खरा न्हाईच. पोरीच्या सोयीसाठी बाप्तिस्मा घेतला तुम्ही."

वसतिगृहातून लेकीची पेटी त्याच आठवड्यात घरी आली.

खोटं बोलायला शिकवणाऱ्यानं मला खोटी म्हणावं. तरी ते जिव्हारी लागलं, कारण सगळंच खोटं नव्हतं. पोर गेल्यावर मी बाप्तिस्मा घेतला. लेक शिकावी म्हणून? हो. चर्चच्या बायका माझ्याजवळ बसून रडल्या, म्हणून? तेही खरं. आणि देवासाठी? मी मनाला खोदून खोदून विचारते.

लेक आता माझ्यासोबत कापूस वेचते. माझ्याशी बोलत नाही. तिचं काय चुकलं? तिचं शिक्षण माझ्या एका बोलण्यानं गेलं, आणि ते परत मिळेल असं मला वाटत नाही.

मी मात्र दर रविवारी चर्चला जाते. भावानं घेतलेलंच पातळ नेसते. शेजारी कुणी बसत नाही. तिथं आता मला काहीच मिळायचं नाही, म्हणजे माझा विश्वास खरा की खोटा ते आता तरी कळेल. खोटा निघाला तर तसंही तोंडावर सांगेन. पण पुन्हा साक्षीला उभी केली, तर खिचडीवर थांबणार नाही. माझं पोर मेलं, इथपर्यंत सांगणार.