विचारून केलेली सफाई

महाडला आमच्या शेजारी राहणाऱ्या महरुन्निसाभाभींना कुणी दिलेली वस्तू टाकवत नाही. अत्तराच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा कपाटात जपून ठेवणार. बरं, कपाट त्यांचं, मी कशाला बोलू? पण २००७ साली त्यांचा हा गुण घरातल्या कॉम्प्युटरला बाधला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

भाभींचा नवरा, युसुफभाई, कुवेतला. आखातातून सुट्टीवर येणारा जो तो नातेवाईक खजुरासोबत एखादी सीडी आणायचा आणि कौतुकाने कॉम्प्युटरवर चढवून जायचा. डिक्शनऱ्या काय, शुभेच्छापत्रं काय, अँटिव्हायरस तर तीन-तीन. कॉम्प्युटर लावून चहा ठेवला, तर चहा आधी व्हायचा.

त्यात भाभींना मुलगी झाली. युसुफभाईंना रजा मिळेना. वेबकॅमवर तरी लेक दिसेल म्हणून बिचारे दर शुक्रवारी तिकडे ताटकळायचे. इकडे चित्र जागच्या जागी अडकायचं आणि ते हलेपर्यंत बाळ झोपलेलं. दोन महिने झाले तरी बापाने लेकीला हातपाय हलवताना पाहिलं नव्हतं.

"भाभी, तो जुना पसारा काढून टाका," मी म्हटलं.

"अगो रंजिता, लोकांनी प्रेमाने दिलंय. न विचारता कसं काढू?"

घ्या आता. बाई फोन घेऊनच बसल्या. एकेकाला विचारायचं आणि होकार आला की त्याचा प्रोग्रॅम काढायचा. दासगावच्या फुरकानला, त्यांच्या चुलत दिराला, आपण काय दिलं होतं तेच आठवेना. मी कपाळावर हात मारून घेतला. टेम्पररी फाइल्सना तेवढा कुणी वाली नव्हता, त्या भाभींनी बिनदिक्कत उडवल्या.

शेवटी उरला युसुफभाईंनी टाकलेला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. सुट्टीत दोघं शेजारी बसून तो खेळायचे. भाभींचा हात थांबला. त्यांनी मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं आणि खेळ काढून टाकला.

"युसुफभाईंना नाही विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं? ते घरचेच हायत."

शुक्रवारी युसुफभाई पडद्यावर आले. बाळाने डोळे मिचकावले, नाक आक्रसलं आणि ते फटकन शिंकलं. आम्ही दोघी तोंड उघडायच्या आत कुवेतहून आवाज आला, "अल्हमदुलिल्लाह."

शिंकणाऱ्याने म्हणायचं असतं ते, लेकीला अजून बोलता येत नाही म्हणून बापाने तिच्या वतीने म्हणून टाकलं होतं.