‘पुन्हा मागवा’ नावाचं फीचर

“मी तुम्हाला तुमचा मेसेज वाचून दाखवते. मग तुम्हीच मला सांगा, माझे वडील पुन्हा एकदा जाणार आहेत का?”

फोनवरची बाई ओरडत नव्हती. सपोर्टमध्ये इतकी वर्षं काढल्यावर ओरडणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. ते ओरडतात, दमतात, मग पासवर्ड विसरल्याचं कबूल करतात. शांत आवाजात बोलणाऱ्यांची मात्र मला भीती वाटते.

तिने मेसेज वाचला. “हाय सुमन! तुमचा ‘अंत्यविधी संपूर्ण संच’ संपत आला असेल ना? टेन्शन नको! एका क्लिकवर पुन्हा मागवा आणि मिळवा खास सूट!”

“आणि शेवटी फुगे आहेत,” ती म्हणाली. “फुगे आणि पार्टीची टोपी.”

तिचं नाव कविता. राहणारी कोपरीची. वडील वारले तेव्हा हॉस्पिटलमधूनच तिने आईच्या फोनवरून सामान मागवलं होतं. सुमन म्हणजे तिची आई. मेसेज आईच्याच फोनवर आला आणि आईनेच तो आधी वाचला.

“आई सकाळपासून बोलत नाहीये,” कविता म्हणाली. “एकदाच बोलली. ‘आता माझा नंबर आहे असं त्यांना वाटतंय,’ म्हणाली.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “तुम्ही पाठवलात का?” मी म्हटलं, नाही. “मग तुम्ही कशाला मागताय?” असं म्हणून तिने फोन ठेवला.

आम्ही काय करतो ते सांगते. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑफिस आहे. दुकानदारांना आम्ही ऑनलाइन दुकान काढून देतो. दुकानदाराने मालाचे फोटो टाकायचे, भाव टाकायचा, की लिंक तयार. गिऱ्हाइकाने फोनवरून ऑर्डर द्यायची. किराणा, साड्या, फरसाण, मोबाइलची कव्हरं, सगळे आमच्याकडे आहेत. दुकानदार अडला की फोन करतो आणि तो फोन माझी टीम उचलते. कधी साइटवरचा नंबर बघून गिऱ्हाईकही करतं, कवितासारखं.

म्हात्रेदादा आमचे कल्याणचे दुकानदार. अंत्यविधीचं सामान विकतात. मडकं, बांबू, कोरं कापड, तुळस, तूप, गोवऱ्या. घरातलं माणूस गेल्यावर कोणाला काय आणायचं ते सुचत नाही, म्हणून सगळ्याचा मिळून त्यांनी एक संच केलेला. ऑर्डर आली की त्यांचा टेम्पो ठाण्यापर्यंत जातो. साइटचा त्यांना भारी अभिमान होता. व्हिजिटिंग कार्डावर दुकानाच्या नावापेक्षा लिंक मोठी छापलेली.

आता हा मेसेज कसा गेला ते. आमच्याकडे ग्रोथ हेड नावाचं एक पद आहे. काम एकच, आकडे वर न्यायचे. त्या पदावर नील होता. हुशार, तरतरीत, आणि आयुष्यात एकदाही गल्ल्यावर न बसलेला. त्याने ‘पुन्हा मागवा’ नावाचं फीचर आणलं. गिऱ्हाइकाने घेतलेली वस्तू अंदाजे कधी संपेल ते कॉम्प्युटर ठरवतो आणि तेव्हा आठवण करतो. तांदूळ, साबण, कुत्र्याचं खाणं, यांना ठीक आहे. पण आमच्या मालाच्या प्रकारांमध्ये म्हात्रेदादांच्या धंद्याला जागाच नव्हती. दुकान उघडताना कोणीतरी त्यांना ‘पूजा साहित्य’मध्ये ढकललेलं. मग काय, अगरबत्तीचा पुडा जितक्या दिवसांत संपतो, तितके दिवस कॉम्प्युटर थांबला आणि त्याने सुमनताईंना फुगे पाठवले.

फीचर सगळ्या दुकानांना आपोआप लागू केलेलं. दुकानदाराला ते बंद करता येत नव्हतं. मी मीटिंगमध्ये विचारलं होतं, निदान एक बटण तरी देऊ या. नील म्हणाला होता, “माधवी, बटण दिलं की लोक बंद करतात.” यावर सगळे हसले होते. त्याला फार खोल काहीतरी बोलल्यासारखं वाटलं होतं.

कविताचा फोन झाल्यावर मी थेट त्याच्याकडे गेले. तो मोठ्या स्क्रीनसमोर उभा होता. त्याला खुर्चीवर बसून काम करणं मागासलेपणाचं वाटायचं.

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि ओठ दाबून मान हलवली. “शिट. दॅट्स सॅड. पण हा एज केस आहे.”

एज केस म्हणजे क्वचित घडणारी, कोपऱ्यातली गोष्ट. आमच्या धंद्यात हात झटकायला हा शब्द वापरतात.

“म्हात्रेदादांच्या दुकानात हाच एक केस आहे,” मी म्हटलं. “त्यांच्याकडे दुसऱ्या कशासाठी कोणी येतच नाही. बंद कर त्यांचं.”

“एका दुकानासाठी वेगळा कोड नाही लिहिता येणार. उद्या रिव्ह्यू आहे. त्यानंतर बघू.”

“आज संध्याकाळी अजून मेसेज जातील.”

“मग आपण सॉरीचा टेम्प्लेट लावू. ऑटोमॅटिक. ‘उप्स! आमचं चुकलं!’ आणि सोबत कूपन.”

तो मनापासून बोलत होता. मेलेल्या माणसाच्या बायकोला ‘उप्स’ म्हणायची त्याची तयारी होती.

जागेवर येऊन मी म्हात्रेदादांना फोन लावला. त्यांना कालपासून फोन येत होतेच.

“मॅडम, एका गिऱ्हाइकाने मला काय काय नाय ऐकवलं,” ते म्हणाले. “मी म्हणतो मी पाठवलाच नाय, तर म्हणतो खाली तुझ्या दुकानाचं नाव आहे. स्मशानाच्या रस्त्यावर बापाच्या वेळेपासून दुकान आहे आमचं. कोणी आजपर्यंत आमाला निर्लज्ज नाय बोलला.”

माझ्या हातात एकच गोष्ट होती. दुकानदार गणपतीला गावी गेला की त्याचं दुकान तात्पुरतं बंद ठेवायची सोय सपोर्टकडे असते. दुकान बंद झालं की मेसेजही थांबतात. पण ऑर्डरीही थांबतात.

तसं मी त्यांना सांगितलं. त्यांचं निम्मं काम आता त्या लिंकवर चालत होतं.

“बंद करा,” ते म्हणाले. “फोन आहे ना अजून.”

मी बंद केलं. थोड्याच वेळात नील माझ्या टेबलापाशी हजर. त्याच्या स्क्रीनवर एक दुकान लाल झालेलं.

“कोणी पॉज केलं?”

“मी.”

“रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी? माझ्या आकड्यांवर इफेक्ट होतो, माधवी.”

“त्या बाईंवरही झालाय.”

“तू पर्सनली घेतेस.”

मी म्हटलं, “हो.” तो गेला.

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू. कंपनीचे मालक आदित्य सर समोर बसलेले. नीलने स्लाइड लावली. मेसेजला लोक किती उत्तरं देतात त्याचा आलेख. सगळ्यांत उंच खांब ‘पूजा साहित्य’चा.

“लोक नुसता मेसेज वाचत नाहीयेत, रिप्लाय देतायत,” नील म्हणाला. “हे एंगेजमेंट आपण कुठल्याच प्रकारात बघितलेलं नाही.”

एंगेजमेंट म्हणजे गिऱ्हाईक तुमच्यात किती गुंतलंय ते. दुकानाची काच फोडणारासुद्धा या हिशोबात गुंतलेलाच धरतात.

मी विचारलं, “त्यातले दोन-चार रिप्लाय वाचू का?”

नील म्हणाला, “वेळ नाहीये.” आदित्य सर म्हणाले, “वाच.”

आदल्या संध्याकाळी मी ते काढून ठेवले होते. वाचले. “तुझ्या घरी पाठव.” “लाज वाटते का?” “कोण आहे रे तू, समोर ये.” एक नुसतीच शिवी होती, तीही वाचली. शेवटचा होता, “माझ्या मिस्टरांसाठी घेतलं होतं. कृपा करून माझा नंबर काढून टाका.”

दोघा-तिघांनी मान खाली घातली.

आदित्य सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता फीचर बंद होणार. त्यांनी डोळे चोळले, चष्मा परत लावला आणि म्हणाले, “ओके. म्हणजे टोनवर काम करायला हवं.”

नीलने लगेच लिहून घेतलं. त्याने सुचवलं की या दुकानांसाठी सेन्सिटिव्ह नावाचा वेगळा प्रकार काढू. फुग्यांच्या जागी कमळ लावू. मजकूर सौम्य करू. मी विचारलं, पण मेसेज जाणारच? तो म्हणाला, “आठवण करून देणं ही सर्व्हिस आहे.”

कमळ कुठल्या रंगाचं असावं यावर पुढे बरीच चर्चा झाली. ज्यांनी मघाशी मान खाली घातली होती, तेही हिरिरीने बोलले. पांढरं ठरलं.

दुपारी म्हात्रेदादा स्वतः ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. नीलने त्यांना कॉफी विचारली आणि आमचा सगळ्यांत महागडा प्लॅन वर्षभर फुकट देऊ केला.

“मला फुकट काय नको,” म्हात्रेदादा म्हणाले. “ज्या ज्या घरी हा मेसेज गेला, तिथे तुमी फोन करा. तुमच्या तोंडाने सांगा की म्हात्रेने पाठवला नाय, आमी पाठवला.”

“सर, आम्ही एक पर्सनलाइज्ड मेसेज पाठवू शकतो…”

“मेसेज नको. फोन.”

“आमच्या पॉलिसीत ते बसत नाही. आम्ही एंड कस्टमरशी डायरेक्ट बोलत नाही.”

म्हात्रेदादा हसले. “मग त्या मेसेजातून कोण बोलत होतं?”

नीलला कसलातरी कॉल आला, किंवा आल्यासारखं त्याने केलं. तो बाहेर गेला तो परत आलाच नाही. मी आणि म्हात्रेदादा त्याच खोलीत बसलो आणि एकेका घरी फोन लावले. कोणी ऐकून घेतलं, कोणी नाही. एकाने म्हात्रेदादांचीच उलट समजूत घातली. कविताने मात्र फोन उचलला नाही. म्हात्रेदादा म्हणाले, “चला, घरीच जाऊ.” मी बॅग उचलली. कोणाला विचारलं नाही.

कोपरीत दुसऱ्या मजल्यावरचं घर. कविताने दार अर्धंच उघडलं. म्हात्रेदादांनी नाव सांगितल्यावर तिचा चेहरा घट्ट झाला. आतून आवाज आला, “कोण आहे गं? येऊ दे.”

सुमनताई कॉटवर बसल्या होत्या. लहान चणीच्या, केस घट्ट बांधलेले. म्हात्रेदादा उभ्यानेच बोलले. त्यांनी मेसेज पाठवला नव्हता, तो कसा गेला, आणि त्यांना किती वाईट वाटलं. मी सांगितलं की तो आमच्या कंपनीने पाठवला. सुमनताईंनी सगळं ऐकलं.

“माणसाने नाही लिहिला?”

“नाही. कॉम्प्युटरने पाठवला,” मी म्हटलं. “मजकूर माणसानेच लिहिला होता.”

“मग तो का नाही आला?”

मी म्हटलं, “त्याला मीटिंग होती.”

त्या कविताकडे वळल्या. “बघ. आणि तू मला कालपासून विचारतेस, आई घाबरलीस का. घाबरले नव्हते. राग आलेला. पन्नास वर्षं ज्याच्याशी संसार केला तो माणूस गेला, आणि यांचं काय, तर सूट घ्या.” मग म्हात्रेदादांना म्हणाल्या, “बसा हो. तुमचा तो पोरगा सामान घेऊन आलेला, त्याने मडकं स्वतः उचलून दिलं, चपला बाहेर काढल्या. ते मी विसरले नाही. चहा घ्या. पण सांगून ठेवते, मी काही एवढ्यात मागवणार नाही.”

कविता आधी दचकली, मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हात्रेदादा हेल्मेटकडे बघत बसले. चहा झाल्यावर ते स्वतःहून सुमनताईंच्या पाया पडले.

खाली उतरल्यावर ते म्हणाले, “मॅडम, साइट आवडते मला. पण गिऱ्हाइकाचा नंबर तुमच्याकडे राहायला नको. तसं होईल का?” मी विचारून सांगते म्हटलं, पण उत्तर मला माहीत होतं. नंबराशिवाय आमच्याकडे दुकान उघडतच नाही. आम्हाला दुकानापेक्षा ते नंबरच हवे असतात.

त्या आठवड्यात म्हात्रेदादांनी आमच्याकडचं ऑनलाइन दुकान कायमचं बंद केलं. नवी कार्डं छापली, त्यावर फक्त मोबाइल नंबर. फीचर अजून चालू आहे, पांढऱ्या कमळासकट. नीलला बढती मिळाली.

एखादा दुकानदार सोडून गेला की आमच्याकडे त्याचं कारण नोंदवावं लागतं. म्हात्रेदादांचं कारण नीलने स्वतः भरलं. मी नंतर उघडून बघितलं. त्याने निवडलं होतं, ‘किंमत जास्त वाटली’.

तेव्हापासून नव्या माणसाला मी एकच सांगते. आमच्या आकड्यांमध्ये लोक का गेले ते शोधू नका. त्यांना फोन करा.