पुण्याला दाखवलेली जीभ

आशुतोष दामले राहायचा नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला, पण आजारी मात्र पुण्यातच पडायचा. तिथले डच डॉक्टर फोनवरच पॅरासिटामॉल सांगून कटवतात, म्हणून सहा वर्षं तो पुण्याच्या डॉक्टर केळकरांना व्हिडिओ कॉलवर जीभ दाखवत होता. डच विम्याचं कार्ड पाकिटात सोवळ्यात ठेवलेलं.

२०२१च्या उन्हाळ्यात लशीचा क्यूआर कोड मिरवत स्वारी स्पेनला गेली आणि तापाने फणफणली. कोविडची टेस्ट निगेटिव्ह आली. बायको मृदुला म्हणाली, "अरे, हे विम्याचं कार्ड युरोपभर चालतं, इथेही. समोर सरकारी दवाखाना आहे, चल!"

"परक्या डॉक्टरचा काय भरवसा?" म्हणत त्याने केळकरांना कॉल लावला.

केळकरांनी जीभ पाहिली आणि सांगितलं, "पॅरासिटामॉल घे."

आशुतोष धन्य झाला. "बघ," तो मृदुलाला म्हणाला, "याला म्हणतात डॉक्टर!"