उपसरपंचांची सही

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नोकरीत पंचनामे पुष्कळ लिहिले, पण पुस्तकात लिहिण्याचा आपला अधिकार आहे असे वाटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. विंचूरकडच्या एका गावातली ती तक्रार मनातून जात नाही, म्हणून हे धाडस.

ऐंशीनंतरची पहिली वर्षे. मी नवा फौजदार होतो. त्या गावात एक अलिखित रीत होती: सरपंच पाटील मंडळींचा, उपसरपंच मुसलमान मोहल्ल्याचा. भांड्यांना कल्हई करणारे चाचा कित्येक वर्षे उपसरपंच होते. दाखवतील तिथे सही करायची, एवढेच काम. त्या वर्षी मात्र ते म्हणाले, सरपंचपदाला मीच उभा राहणार. काही हिंदू सदस्यही त्यांच्या बाजूला आले.

निवडीच्या आदल्या दिवशी त्यांची बायको ठाण्यात आली. "साहेब, कालपासून घरी नाहीत. उद्या दहाला अर्ज भरायचाय."

मी डायरीत नोंद घेतली. दुपारी खबर लागली की चाचांना एका जीपमध्ये बसताना पाहिले होते. जीपवाल्याला बोलावले. तो हसतच आला.

"पळवलं कशाला म्हणता साहेब? खुशीनं आले. काल दुपारी नाशकाला सोडलं. वाटेत चहा-भजी खाल्ली, लय गप्पा मारल्या."

माझे हवालदार शांतपणे म्हणाले, "भजी? अरे शहाण्या, रोजे चालू हायेत. चाचा दिवसा पाण्याचा थेंब घेत नाय."

जीपवाल्याचा चेहरा उतरला. हात उगारावा लागला नाही; जागा त्याने स्वतःच सांगितली.

पाटील मंडळींपैकी एकाच्या मळ्यात, कांदे साठवायच्या चाळीशेजारच्या खोलीत चाचा सापडले. दिवस मावळत होता. राखणदाराची बायको त्यांच्यापुढे पाणी आणि गूळ ठेवत होती. ती मला म्हणाली, "मालकानं कोंडायला सांगितलं, उपाशी ठेवायला नाय."

चाचा म्हणाले, "बसा साहेब. रोजा सोडू द्या. आणि तक्रार नको, उद्या दहाला तेवढं पोचवा."

गुन्हा मी नोंदवलाच. त्यांना पोचवलेही. ते एका मताने पडले. निवडून आलेले पाटील म्हणाले, "चाचा, उपसरपंच व्हा की. रीत हाय."

"रीत तुमची. मी नुसता मेंबर बरा."

तोवर मी त्या रीतीलाच सलोखा समजत होतो. खुर्ची देणे आणि मत विचारणे या दोन गोष्टी आहेत, हे मला कॉलेजात नव्हे, त्या दिवशी कळले.

माझी बदली झाली. पुढच्या निवडणुकीनंतर एक पोस्टकार्ड आले. अक्षर अडखळत लिहिलेले होते: "साहेब, सरपंच झालो. आता कागद आधी वाचतो, मग सही करतो."

खाली सही होती.