रिकामी फट

गोथेनबर्गच्या एका दंत-प्रयोगशाळेत गुनव्होर एकतीस वर्षं हाडं घासत होती. कृत्रिम दाताचा, चाचणीसाठी सशाच्या हाडात बसवलेला स्क्रू हाडासकट राळेत गोठवायचा, चकती कापायची आणि ओल्या घासकागदावर ती इतकी पातळ करायची की उजेड आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली हाड स्क्रूला किती चिकटलंय ते मोजायचं. यंत्र होतं, पण शेवटचा हात ती बोटांनीच मारायची. यंत्रावर तिचा विश्वास नव्हता. तसा तो कुणावरच नव्हता. कोळंबीसुद्धा ती हुंगल्याशिवाय घेत नसे, आणि नवऱ्याने मागणी घातली तेव्हा त्याला पुरतं वर्षभर टांगून ठेवलं होतं.

या वेळी संशय प्रयोगशाळेतल्या संशोधकावर, टोर्केलवर होता. त्याने टायटॅनियमच्या जोडीला सिरॅमिकचे पांढरे स्क्रू आणले होते. टायटॅनियमला हाड घट्ट बिलगलं होतं. सिरॅमिकच्या बारापैकी नऊ चकत्यांत मात्र हाड आणि स्क्रूच्या मध्ये फट दिसत होती. फट खरी ठरली तर स्क्रू बाद होणार होता. अहवाल शुक्रवारी जायचा होता आणि टोर्केल तो अडवून बसला होता.

तीनच्या कॉफीला दालचिनीचा पाव मोडत तिने सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, लेकरू आवडतं आहे म्हणून नापास करवत नाही का?"

"गुनव्होर, ती फट मला पटत नाही."

"तुला न पटून काय होतं? ती दिसतेय ना!"

टोर्केल कप उचलून आपल्या खोलीत गेला. पाणी कुठेतरी मुरतंय, तिला खात्री पटली. त्याला उघडा पाडायचाच, असं ठरवून ती नऊच्या नऊ चकत्या घेऊन बसली.

तिसऱ्या चकतीवर तिचा हात थबकला. फट रिकामी होती. जिवंत शरीर जागा रिकामी ठेवत नाही. हाड धरलं नाही तर तिथे मऊ पेशी भरतात, आणि चकतीला रंग दिला की त्या निळ्या दिसतात. इथे निळं काही नव्हतं. उलट हाडाच्या कडेवर स्क्रूच्या आट्यांचा ठसा होता आणि स्क्रूला हाडाचे बारीक तुकडे चिकटलेले होते. हाडाने स्क्रूला धरलं होतं. नंतर कुणीतरी ते ओढून काढलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण? सिरॅमिक लवकर झिजत नाही, म्हणून त्या चकत्या ती अंगचा जोर लावून घासत होती. जगावर संशय घेतला, पण स्वतःच्या बोटांवर कधी घेतला नव्हता.

ती टोर्केलच्या दारात उभी राहिली. "फट मी पाडलीय. तुझा स्क्रू चांगला आहे."

तो हसला नाही. त्याने विचारलं, "याआधी बाद झालेल्या सिरॅमिक स्क्रूंच्या चकत्या कुणी घासल्या होत्या?"

"मीच," ती म्हणाली. "सगळ्या मीच."