पाठमोरी कलावती

कल्याणच्या रेल्वे चाळींत त्रेपन्न साली परशुराम फिटरच्या दाराला दिवसभर कुलूप असायचं आणि कुलपाच्या आत त्याची बायको असायची. आता हे ऐकून कोणी लगेच परशुरामाला राक्षस ठरवू नये. माणूस गरीब होता, दारूच्या वाटेला जाणारा नव्हता, बायकोवर हात उगारणाराही नव्हता. कुलूप त्यानं काळजीपोटी लावलं होतं, आणि ती काळजी सुरू झाली डाळीपासून.

कलावती जुन्नरकडची. लग्न होऊन कल्याणला आली तेव्हा माळशेज घाट उतरताना तिला एवढंच कळलं की आपण खाली खाली चाललोय. चाळी पाहिल्या तर चारही सारख्या. बैठ्या, लांबलचक, हिरव्या दारांच्या, प्रत्येक दारावर इंग्रजी आकडा. कलावती तिसरी शिकलेली, पण मराठी आकड्यांत. आठव्या दिवशी ती भाजीला गेली आणि परतताना पुढच्या चाळीत शिरली. दार उघडं, शेगडी पेटलेली, वर डाळ रटरटतेय. भिंतीला नवी कोरी पातेली. तिला वाटलं, ह्यांनी पगारात पातेली आणली, आणि लवकर येऊन डाळही टाकली. हरखून तिनं डाळीत मीठ घातलं आणि तांदूळ निवडत बसली. खोली होती एका तिकीट तपासनिसाची. त्याची बायको नळावरून आली तेव्हा कलावती तिला विचारतेय, "कोन पायजे?"

चाळींना वर्षभर पुरेल एवढं हसू त्या दिवशी मिळालं. डाळीत मीठ आधीच होतं, हे वेगळं सांगायला नको. नळावर बायकांनी छेडलं, तर ही म्हणाली, "आवं, मला काय ठावं?" मग ते 'ठावं' एकेकीच्या तोंडून नळाच्या धारेसारखं निघालं. घरी परशुराम म्हणाला, 'ठावं' नाही, 'माहीत' म्हण, 'न्हाय' नाही, 'नाही' म्हण. तो स्वतः सहा वर्षांपूर्वी त्याच भागातून आलेला, पण जीभ धुऊन घेतलेली. कलावतीनं यावर सोपा उपाय काढला. तिनं बोलणंच बंद केलं. आणि परशुरामानं बाजारातून कुलूप आणलं. चांगलं पितळी, पण किल्ली एकच.

सकाळी पाणी भरून झालं की कुलूप. दुपारी बारा वाजता तो जेवायला यायचा तेव्हा अर्धा तास दार उघडं, मग पाचपर्यंत पुन्हा बंद. खिडकीला गज. खिडकीतून दिसायचा व्हरांडा, आणि व्हरांड्यापलीकडे कोळशाच्या डेपोची काळी भिंत, आभाळाला टेकलेली. शेजारची सखुबाई कधी गजांमधून कोथिंबीर द्यायची. कलावतीनं एकदाच नवऱ्याला म्हटलं होतं की कुलूप नको. तो म्हणाला, "कुठं जायचंय तुला?" जायचं तर कुठंच नव्हतं. पण तो प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नाही.

अशात एक दिवस सिनेमावाले आले. मुंबईची कंपनी. घाटावरची एक मुलगी शहरात येते आणि तिला कुणाचं बोलणं कळत नाही, तिचं कुणाला कळत नाही, अशी काहीशी गोष्ट. डायरेक्टर पोरसवदा होता. चाळ बघत जाताना त्याला कुलूप लावलेलं दार दिसलं, आणि शेजारच्या खिडकीत गजांवर दोन हात. तो तिथंच उभा राहिला. नटीचा चेहरा स्टुडिओत घेऊ, पण पाठ आणि हात याच बाईचे हवेत, असा त्यानं हट्ट धरला. परशुराम कामाला होता त्या इंजिन शेडच्या फोरमननं शब्द टाकला म्हणून परशुराम तयार झाला, एका अटीवर: चेहरा दिसता कामा नये. सखुबाई नळावर म्हणाली, "तोंड दाखवायचं नाही, पाठ दाखवली तर चालेल. बरं आहे बाई, आमच्या पाठीला कोणी विचारत नाही."

रविवारी सगळं लटांबर आलं. कॅमेरा सांभाळणारे होते अण्णा, साठीचे, टकलावर रुमाल बांधलेले. त्यांनी आधी खोलीतली फळी रिकामी केली, भांडी काढली, कॅलेंडर काढलं. कलावतीला खिडकीशी बसवलं, आणि स्वतः कॅमेरा घेऊन पार मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. कलावतीला राहवेना. सहा महिन्यांत परक्या माणसाला तिनं पहिला प्रश्न विचारला, तोही हळूच, की एवढ्या लांबून काय दिसणार?

अण्णांना असं विचारणारं माणूस बहुधा पहिल्यांदाच भेटलं होतं. ते खूश होऊन सांगत सुटले. जवळ गेलं की बघणाऱ्याला बाईची सोबत होते, ती एकटी राहत नाही. म्हणून लांब बसायचं. तिला चित्राच्या कडेला ठेवायचं आणि उरलेली सगळी भिंत मोकळी सोडायची, म्हणजे बघणारा त्या रिकाम्या जागेत आपोआप कुणाची तरी वाट बघतो, आणि तिथं कुणी येत नाही. पेटी-तबला काही वाजवायचं नाही. आणि नळावरच्या बायका दाखवायच्या त्या बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. डोकी पडद्याच्या बाहेर, नुसते पाय, घागरी आणि हसणं. त्यांचं बोलणंही असं टिपायचं की गलका ऐकू यावा, शब्द कळू नयेत.

कलावती म्हणाली, "तसंच ऐकू येतं."

मग डायरेक्टरनं सांगितलं की जरा वाट पाहिल्यासारखं करा, तर अण्णांनीच त्याला गप्प केलं. तीन मिनिटं कॅमेरा घरघरत होता आणि कलावती बसली होती, रोज बसायची तशी. वर्षभरानं तो सिनेमा कल्याणात लागला तेव्हा नेमक्या त्या तीन मिनिटांत निम्मं थिएटर चहाला बाहेर गेलं, कुणी शिट्ट्या मारल्या. पण ते पुढचं.

मग आवाज टिपणाऱ्यानं कुलपाचा आवाज मागितला. परशुराम रोज लावायचा तसं त्यानं लावायचं. पहिल्यांदा तो ऐटीत गेला. कडी, कुलूप, खट्. पुन्हा. मागून इंजिनाची शिट्टी आली, पुन्हा. कुणी खोकलं, पुन्हा. अकरा वेळा त्यानं आपल्या हातानं बायकोला कोंडलं, आणि प्रत्येक खटक्याला चाळ श्वास धरून ऐकत होती. नवव्या वेळेपासून तो कुणाकडे बघेनासा झाला.

शेवटचं चित्र बाहेरून घ्यायचं होतं: दार, त्यावर कुलूप, शेजारी खिडकी, आत ती. कुठं बसायचं ते कळावं म्हणून अण्णांनी कलावतीला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, बाई, तुम्हीच बघा यातून. उजेड जमवायला आत कुणीतरी बसायला हवं होतं. परशुराम समोरच होता, तो बसला. कुलूप तर चित्रात हवंच. त्यानं किल्ली बायकोच्या हातात दिली आणि कलावतीनं बाहेरून कुलूप लावलं.

तिनं कॅमेऱ्याला डोळा लावला. नुसती भिंत. भिंतीत एक दार, त्यावर पितळेचा ठिपका. कडेला गज, आणि गजांमागे माणसाचा तुकडा: एक खांदा, एक हात. माणूस कोण, कुठला, बोलतो कसा, काही कळत नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. आपण बाहेरून असे दिसतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला. आश्विनातले ढग, येतात ते रेंगाळतात. डायरेक्टरनं आत ओरडून सांगितलं की जागा सोडू नका, मान वळवू नका, आणि सगळी मंडळी चहाला गेली. बाहेर उरली कलावती आणि तीन पायांवरचा कॅमेरा.

परशुराम बसला. पाव तास, अर्धा तास. व्हरांड्यातून बायकांचे पाय गेले, कुणीतरी हसलं, काय म्हणालं ते कळलं नाही. मग आतून आवाज आला.

"कले, काढ आता कुलूप. जरा बाहेर येतो."

कलावतीच्या तोंडून आलं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. टोमणाही नव्हता. "कुठं जायचंय तुमास्नी?"

तिनं किल्ली मुठीत धरली आणि ती चालायला लागली. आपल्या चाळीच्या टोकापर्यंत गेली, वळली, पुढच्या चाळीत शिरली. तपासनिसाची बायको दारात तांदूळ निवडत होती. तिनं ओळखलं, हसली, सरकून जागा दिली. कलावती दोन मिनिटं बसली, दोन मुठी तांदूळ निवडले आणि उठली. परतताना दारं मोजली. तुळशीचं डबडं, मग चार दारं, मग आपलं. चुकली नाही.

येऊन बघते तर परशुरामाचे दोन्ही हात गजांवर. अण्णा चहा पिऊन आले होते, कॅमेऱ्यातून बघत होते. म्हणाले, "हेच तर पाहिजे होतं. पण मनगटाला केस फार आहेत." चाळ हसली. परशुराम हसला नाही. कलावतीनं कुलूप काढलं, तो तिच्याजवळून जाऊन मोकळ्या जागेत उभा राहिला, आणि ती त्याच्या जागी जाऊन बसली.

सोमवारी सकाळी शेडला निघताना त्यानं कुलूप हातात घेतलं, दारात जरा थांबला, ते किल्लीसकट खिडकीत ठेवलं आणि गेला. कलावती त्या दिवशी बाहेर पडली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. दार उघडं होतं आणि ती खिडकीशीच बसत होती. एवढ्या दिवसांची सवय तीन दिवसांत सुटत नाही.

गुरुवारी पाच वाजता परशुराम आला तर दाराला कुलूप. त्यानं खिडकीतून पाहिलं. आत कोणी नव्हतं. तो पायरीवर बसला. समोर काळी भिंत. सखुबाईनं कपभर चहा आणून दिला आणि विचारलं, "कुठं गेली हो?"

"ठावं न्हाय," परशुराम म्हणाला, आणि फुंकर घालून चहा प्यायला लागला.