वैऱ्याच्या ऐनावरचे किडे

"चूप. खाऊन राह्यले." ओठांवर बोट ठेवून तो म्हातारा एवढंच म्हणायचा. मी सासरी नवी, शिदोरी घेऊन जंगलात गेलेली. मला वाटलं, कोणी जेवायला बसलंय की काय! तर खाणारे होते कोशाचे किडे, ज्यांच्या कोशातून कोसा रेशीम निघतं ते. ऐनाच्या झाडांवर सोडलेले, हिरवे, बोटाएवढे. कान दिलात तर पानं कुरतडल्याचा आवाज बारीक पावसासारखा येतो, बरं का.

तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, त्याचे दोन व्हायचे होते, आणि धानोऱ्याकडच्या आमच्या गावात कोसा पोसणं म्हणजे व्रतच. किड्यांनी कोसे विणेपर्यंत राखणाऱ्यानं वहाण घालायची नाही, दाढी करायची नाही, आणि बाईनं झाडांखाली यायचं नाही. म्हणून मी बांधावर बसे. म्हाताऱ्याच्या शेजारची झाडं आमची, माझा नवरा राखायचा. पण नवऱ्याकडे कोण बघतं? मी म्हाताऱ्याकडे बघे; गावच्या नात्यानं तो मला सासऱ्याच्या जागी, म्हणून मामाजी म्हणे. गलोल मांडीवर, नजर एका पानावर.

"मामाजी, इतकं काय पाहता?"

"मागचं पान खाल्लं, पुढचं फुटलं नाई. हे पान पाह्य, सूनबाई. याच्यात काय कमी हाय?"

तुम्हाला वाटेल साधू होता. छे! पक्का डूख धरणारा. त्याच्या चुलतभावानं भांडणापायी वाऱ्याच्या तोंडाला ओला पाला पेटवला होता. धुरानं म्हाताऱ्याचे सगळे किडे टपटप खाली पडले. त्या हिवाळ्यात त्याच्या बायकोनं कंद उकडून दिवस काढले. चुलतभाऊ पंचांपुढे हसून म्हणाला, "वारा फिरला, मी काय करू?" तेव्हापासून गलोलीसाठी मातीच्या गोळ्या वळताना म्हातारा काही मोठ्या वळून बाजूला ठेवायचा. "ह्या त्याच्या टाळक्यासाठी."

पुढच्या साली चुलतभाऊ तापानं पडला. त्याची झाडं उघडी, कावळे जमलेले. म्हातारा स्वतःची झाडं माझ्या नवऱ्यावर टाकून तिकडे जाऊन बसला.

"काऊन मामाजी, त्याचे किडे राखता?"

"राखत नाई. एकेक कसा जाते ते डोळे भरून पाहीन."

मलाही हुरूप आला. म्हटलं, होऊ दे वाटोळं.

पहिल्या कावळ्यानं किडा उचलला, म्हातारा खुदकन हसला. मग त्याची नजर एका पानावर गेली. किडा कडेकडेनं पान खात होता. म्हातारा वाकला, श्वास रोखून पाहत राहिला. तेवढ्यात दुसरा कावळा उतरला आणि गलोल सुटली. कावळा खाली.

"हात मेला बेइमान हाय!" तो स्वतःच्याच हातावर खेकसला. पुन्हा बसला, पुन्हा तेच. टाळक्यासाठी ठेवलेल्या गोळ्या संध्याकाळपर्यंत कावळ्यांवर संपल्या. कोसे होईपर्यंत मग तो तिथून हललाच नाही.

चुलतभाऊ बरा होऊन हात जोडत आला. म्हातारा म्हणाला, "तुह्यासाठी नाई बसलो. तू मेला असता तं हसत आलो असतो." त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

म्हातारा गेला तेव्हा तोच चुलतभाऊ रडत खांदा द्यायला पुढे झाला. म्हाताऱ्याची बायको तिरडीला आडवी उभी राहिली.

"खांदा नाई, भाऊजी. तुमी मांगं चाला."

तिरडी निघाली. तो सगळ्यांच्या मागे, एकटा, मान खाली घालून चालत गेला. मी दारातून बघत होते. फार बरं वाटलं मला. अजूनही वाटतं.